ग्रॅनीनं उतरवलेला शब्द

"सांगा त्येला. तुम्हीच सांगा, तुम्ही त्येच्या कोण ते."

आईसाहेब म्हणल्या. मला. सगळ्यांदेखत.

हॉलमध्ये पाट मांडलेला. भोवतीनं रांगोळी. पाटावर राजवीर, आईसाहेबांचा नातू, जरीची टोपी घालून. त्येचा पाचवा वाढदिवस. ओवाळायला बाया थांबलेल्या. त्येची आई, आत्या, शेजारच्या बंगल्यातल्या दोघी-तिघी. तबकात निरांजन तेवत होतं आन् पोरगं हटून बसलं होतं.

"आधी आज्जी ओवाळू दे. आज्जी कुठाय?"

आज्जी म्हणजे मी. मी स्वयंपाकघराच्या दारात. हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे.

आईसाहेब आधी हसल्या. "अरे, ग्रॅनीनं ओवाळलं की तुला आत्ताच."

"नको. आज्जी पायजे."

त्येनं टोपी काढून फेकली. एक पाहुणीबाई माझ्याकडं बघून म्हणल्या, "कोण ह्या? नात्यातल्या का?" आईसाहेबांनी आवाज बारीक केला. पण मी चार हातांवर. ऐकू आलं.

"न्हाई हो. बाळाला न्हाऊ घालायला आलत्या, मग राहिल्या. त्यांच्यातल्या हाईत."

त्यांच्यातल्या. आम्ही बौद्ध. आमचं जुनं नाव आईसाहेबांच्या तोंडात होतंच, नुसतं दातांच्या आड होतं. त्या पाहुणीबाईनं मान हलवली आन् पदर आवरून घेतला. मी तिच्यापासून लांबच उभी. तरी आवरला.

मग मोठ्यानं, "सांगा त्येला."

मी सूनबाईकडं, पोराच्या आईकडं बघितलं. तिनं फोनमध्ये बघितलं. सगळ्या बाया माझ्या तोंडाकडं. निरांजनातलं तूप संपत आलेलं. ट्रे जड लागाया लागला.

मी म्हटलं, "राजे, मी कामाची बाई हाय."

पोरानं माझ्याकडं बघितलं. म्हणलं, "मग आज्जी म्हणजे काय?"

आईसाहेबांनी त्येच्या गालाला हात लावला. "आज्जी म्हणजे कामाला येतात ना, त्या बाईला म्हणायचं. मी तुझी ग्रॅनी. ग्रॅनी घरातली असती. कळलं?"

सगळ्या हसल्या. "किती गोड समजावलं बघा," एक म्हणली. राजवीरनं मान डोलवली. "ओके," म्हणला. टोपी उचलून स्वतःच डोक्यावर ठेवली. त्येला पटलं. पोराचा रुसवा गेला, वाढदिवस पुढं सुरू झाला. मी पाणी वाटलं.

मी विधवा म्हणून लांब ठेवली, असं कुंकवाचं कारण सांगायला तिथं जागा नव्हती, बरं का. मालक माझे बी न्हाईत, आईसाहेबांचे बी न्हाईत. त्यांनी ओवाळलं. मी ट्रे धरला.

आन् मला काय ओवाळायची हौस नव्हती. आमच्यात वाढदिवसाला मेणबत्ती लावून वंदना म्हणतात. मी कधी पुढं झालो नसतो. पोरानं मागितलं म्हणून झालं सगळं. मला झोंबलं ते ओवाळणं न्हाय. मला झोंबलं ते माझ्याच तोंडानं वदवून घेतलं ते. त्यांनी म्हटलं असतं तर मी चार शिव्या मनात घातल्या असत्या आन् घरी गेलो असतो. पण शब्द माझे होते. आवाज माझा होता. आन् पोरगं माझ्याकडं बघत होतं.

*

माझा धंदा न्हाऊ घालायचा. बाळंतिणीला आन् बाळाला. आई पेठ वडगावात हेच करायची, तिच्या आधी तिची सासू. आमच्या हातावर किती पोरं न्हाली त्येचा हिशेब कुणी ठेवला न्हाय. न्हाणीघरात पाटावर बसायचं, लुगडं मांडीपतूर वर घ्यायचं, पाय लांब करायचं. नडग्यांवर बाळ पालथं घालायचं. तेल, मग साय-पीठ, मग ऊन ऊन पाणी. टाळूवर तेल भरायचं. मग शेगडीवर ओवा-वावडिंग टाकून धुरी. पोरगं रडून रडून लाल होतंय आन् मग असं झोपतंय की दुपारपतूर हालत न्हाय.

ह्या कामाला आम्ही चालतो. ह्या कामाला आमचा विटाळ न्हाय. उघडं-नागडं पोरगं माझ्या उघड्या पायावर. माझ्या तळव्यातलं तेल त्येच्या टाळूत. ह्येच्यापेक्षा जवळ माणूस माणसाच्या येतंय तरी कुठं? पण न्हाणीघराचा उंबरा ओलांडला की मी परत लांबची. चहा वेगळ्या कपात. स्टीलचा कप, सिंकच्या खाली, फरशीवर ठेवलेला. सांगत कुणी न्हाय. कप सांगतोय.

ताराबाई पार्कातल्या त्या बंगल्यात मला एका डॉक्टरीण बाईनं पाठवलं. सूनबाई पुण्याची. पहिल्या दिवशीच मला हसली. "मावशी, तुम्ही 'मी जातो' काय म्हणता? 'जाते' म्हणा ना." मी म्हटलं, "वहिनी, कोल्हापुरात बाया 'जातो'च म्हणत्यात. आन् म्हणत्यात तशा जात्यात बी." ती परत हसली. वाईट नव्हती पोरगी. चांगल्या माणसांनी गप बसायचं ठरवलं की वाईटाला मग वेगळं काय करावं लागत न्हाय, हे मला तिच्याकडं बघून कळलं. पण ते लई उशिरा.

बाराव्या दिवशी बारसं. सकाळी मी बाळाला न्हाऊ घातलं, काजळाची तीट लावली, नवं अंगडं चढवलं. बाहेर नेऊन दिलं. हॉलमध्ये फुलांचा पाळणा. बाया पाळण्याच्या दोन्ही बाजूला, बाळ पाळण्याच्या खालनं-वरनं हातोहात फिरत होतं. पार आईसाहेबांच्या भिशीतल्या बायांच्या हातात सुद्धा गेलं, ज्यांनी त्येला आधी बघितलं बी नव्हतं. मी मागच्या पडवीत वाळत घातलेल्या दुपट्यांजवळ. आत्यानं कानात नाव सांगितलं, पाठीवर धपाटे पडले, हसण्याचा आवाज आला. त्येचं नाव मला ड्रायव्हरनं सांगितलं. राजवीर.

आमच्या धंद्यात हे असंच. बारशाला न्हाऊ घालणारीला कुणी पाळण्याजवळ उभं करत न्हाय. मागच्या दारी ताट देतात, लुगडं देतात, "लई छान न्हाऊ घातलं हो" म्हणतात. आईनं आयुष्यभर मागच्या दारी ताट घेतलं. मी बी घेतलं. कधी मनात आलं न्हाय. म्हणजे आलं असंल, पण मी त्येला बस म्हटलं न्हाय.

त्या दिवशीच 'ग्रॅनी' निघालं.

जेवणं झाल्यावर कुणीतरी बाळाला म्हणलं, "बघ, बघ तुझ्या आज्जीकडं." आईसाहेब एकदम म्हणल्या, "आज्जी नको बाई. आज्जी म्हटलं की भाजीची पाटी घेऊन शिंगोशी मार्केटात बसल्यागत वाटतंय. मला ग्रॅनी म्हणायचं. आत्तापासनं सवय लावा." बाया खिदळल्या. "तुम्ही वाटता कुठं आज्जी," म्हणल्या. त्येच्या पुढं घरात ग्रॅनी सुरू झालं. ग्रॅनी आली. ग्रॅनीला पापा दे. ग्रॅनीचा चष्मा घेऊ नको.

मला तवा त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. मला वाटलं साडीचा कसला तरी प्रकार असावा.

*

बाळ चार महिन्याचं झालं, न्हाऊ घालायचं काम सरलं. सूनबाई कामावर जाणार होती. आईसाहेबांची भिशी, महिला मंडळ, दर पौर्णिमेला नृसिंहवाडी. मला म्हणल्या, "ऱ्हावा की. पोरगं तुमच्याजवळच गप बसतंय." ऱ्हायलो. सकाळी आठला जायचं, अंधार पडायच्या आधी निघायचं.

पोरगं बोलाया लागलं ते माझ्यापाशी. मी त्येला भरवताना म्हणायचो, "ये, आज्जीकडं ये." तोंडातनं आपसूक निघायचं. घरी माझी नात प्रज्ञा, तिला हेच म्हणून मोठी केलेली. तर ह्येनं पहिला शब्द काय काढला? आई न्हाय, पप्पा न्हाय, ग्रॅनी तर न्हायच न्हाय. "आज्जी." वरणानं बरबटलेल्या तोंडानं. माझ्याकडं बोट करून.

मी घाबरलो. वाटलं, आता काय आईसाहेब ठेवत न्हाईत. पण त्या म्हणल्या, "म्हणू दे की. मला कुठं पायजे तो शब्द."

खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं. घरी जाऊन सगळ्या गल्लीला सांगितलं. बंगल्यातलं पोरगं मला आज्जी म्हणतंय. मग हळूहळू अख्खा बंगला म्हणाया लागला. ड्रायव्हर म्हणायचा, "आज्जी, चावी कुठाय?" सूनबाई म्हणायची, "आज्जी, त्याचा डबा भरा." आईसाहेब माझ्याच वयाच्या, झाल्याच तर वर्षा-दोन वर्षानं मोठ्या, त्या बी म्हणायच्या, "आज्जी, दूध तापवा." मी त्यांची आज्जी! तरी मला वाटायचं, माया हाय. घरच्यागत झालो आपण.

कप मात्र सिंकखालीच होता.

दिवाळीला आईसाहेब साडी द्यायच्या. त्यांच्या अंगावरची. "दोनदाच नेसलीय बघा, नवीच हाय." खरंच नवी असायची. मी नेसायचो. रस्त्यानं चाललो की ओळखीच्या बाया म्हणायच्या, काय भारी साडी. मला तवा कधी कळलं न्हाय की 'आज्जी' बी मला तशीच मिळाली. त्यांनी अंगावरनं उतरवली, मला दिली. त्यांना शोभत नव्हती, मला शोभली. मी ती नेसून मिरवत होतो.

*

वाढदिवसाच्या दिवशी मला डबा बांधून दिला. केक, पुलाव, गुलाबजाम. वर पिशवीत एक साडी. मी घेतलं. रोजच्यागत पायरीवर चपला घातल्या. राजवीर गेटपतूर पळत आला आन् नेहमीसारखंच म्हणला, "आज्जी, उद्या लवकर ये." त्येच्या आवाजात काय फरक नव्हता. काय असणार? त्येला अर्थ कळला होता एवढंच.

घरी आलो. डबा प्रज्ञानं उघडला. ती सातवीत. गुलाबजाम तोंडात टाकून म्हणली, "कसा झाला वाढदिवस?"

मी विचारलं, "प्रज्ञा, ग्रॅनी म्हणजे काय गं?"

"आज्जी."

"अगं, ग्रॅनी म्हणजे?"

"तेच सांगतोय की. आज्जी. ग्रॅनी म्हणजे आज्जीच."

"निराळं काय न्हाय?"

"न्हाय. ग्रँडमदर हा सरळ शब्द. पुस्तकातला. ग्रॅनी लाडानं म्हणतात, घरात. शाळंतल्या बाई म्हणल्या, आज्जीला लाडानं म्हटलं तर चालतंय, पण परक्या म्हाताऱ्या बाईला रस्त्यात ग्रॅनी म्हणायचं न्हाय. चेष्टा केल्यागत वाटतंय तिला." तिनं माझ्याकडं बघितलं. "का गं?"

मी उठलो. चुलीपुढं... गॅस हाय आमच्याकडं आता, पण मी अजून चूलच म्हणतो... तिथं जाऊन बसलो. मला हसाया येत होतं आन् रडाया बी. म्हणजे आईसाहेब इतकी वर्षं आज्जीच म्हणवून घेत होत्या. अर्थ एकच. हिकडं बी तीच म्हातारी, तिकडं बी तीच म्हातारी. मग एकीनं ओवाळायचं आन् एकीनं ट्रे धरायचा, हे त्या शब्दात कुठं लिहिलंय? न्हाय लिहिलेलं. ते आम्हीच आपापल्या जागी उभं राहून ठरवलंय. त्यांनी ठरवलं, मी मान डोलवली. त्या पोरागत.

प्रज्ञानं खोदून खोदून विचारलं तवा सांगितलं. सगळं. 'त्यांच्यातल्या' बी सांगितलं. तिनं गुलाबजामाची वाटी बाजूला सारली. ती रडेल असं वाटलेलं. न्हाय रडली. संतापली.

"तू म्हणालीस? तू स्वतः म्हणालीस, मी कामाची बाई हाय म्हणून?"

"मग काय म्हणायचं?"

"कामाची बाई हाईसच की तू. त्येची लाज कशाला? पण म्हणून आज्जीचा अर्थ तसा व्हतोय व्हय? मग मी तुला काय म्हणतोय रोज? मी काय तुला कामाची बाई म्हणतोय?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बाई गं! त्यांनी नुसता माझा अपमान केला न्हाय. माझ्या नातीच्या तोंडातला शब्द घाण केला. तिनं मला आज्जी म्हटलं की आता मला ते हॉलमधलं हसणं ऐकू येणार. माझ्या लेकीला मी माझ्या आईला आज्जी म्हणायला शिकवलं, तो शब्द. तो त्यांनी पाहुण्यांपुढं सिंकखालच्या कपात घातला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो न्हाय. निरोप दिला न्हाय. फोन वाजला, उचलला न्हाय.

*

चार-आठ दिवस गेले. एकदा बाजारात त्यांचा ड्रायव्हर भेटला. भला माणूस. म्हणला, "आज्जी, तुम्ही फोन उचलत न्हाई. आता नको करायला, दुसरी आज्जी मिळाली."

"दुसरी काय?"

"आज्जी. कामाला. चंदगडकडची हाय." त्येनं फोन काढून दाखवला, त्येला वाटलं गंमत हाय. एका नंबरावर 'जुनी आज्जी'. खाली 'नवीन आज्जी'. "राजवीर बाबा पहिलं दोन दिवस रडला. आता म्हणतोय तिला आज्जी."

"वय काय तिचं?"

"असंल की पस्तीस-छत्तीस."

पस्तीस वर्षाची आज्जी. लेकरं अजून शाळंत असतील तिची. मी भर बाजारात, कोथिंबिरीच्या गाड्यापुढं मोठ्यानं हसलो. गाडीवाला बघाया लागला. ड्रायव्हर जसा ड्रायव्हर, तशी आज्जी. एक गेली, दुसरी आली. जागा भरली. मी चार वर्षं जी माया समजत होतो, ती पाटी होती. दारावर लावायची.

त्या दिवशी माझा राग थंड झाला. गेला न्हाय, थंड झाला. तापलेल्या रागात माणूस आरडाओरडा करतंय आन् चार दिवसानं परत कामावर जातंय. थंड रागात तसं होत न्हाय.

घरी आलो आन् ट्रंक उघडली. त्या साड्या काढल्या, सगळ्या. धुतल्या. इस्त्रीला दिल्या. प्रज्ञा म्हणली, "जाळतीस?" मी म्हटलं, "जाळू कशाला? आपल्या न्हाईत त्या. ज्येच्या त्येला."

*

वाढदिवसाच्या वेळीच सूनबाईला दिवस होते. पावसाळ्यात मुलगी झाली. आन् एक दिवस सकाळी आमच्या वसाहतीत ती पांढरी गाडी आली. गल्ली अरुंद, गाडी तोंडालाच अडकली. बायापोरं गोळा झाली. आईसाहेब उतरल्या. पहिल्यांदा. पाच वर्षांत मी कुठं ऱ्हातो ते त्यांनी विचारलं नव्हतं.

मागनं राजवीर उतरला. जरा उंच झालेला. मला बघितलं आन् सुटला. "आज्जी!" म्हणून पळत आला आन् माझ्या कमरेला मिठी.

सांगतो, जीव गलबलला. हात आपोआप त्येच्या डोक्यावर गेला. टाळूवर. जिथं मी तेल भरलेलं. माणूस दगडाचं नसतंय.

आईसाहेब चिखलातनं साडी सावरत आल्या. दारात थांबल्या. मी खुर्ची दिली. त्या बसल्या न्हाईत. आवाजात साखर.

"काय हो आज्जी, रुसला व्हय आमच्यावर? झालं गेलं सोडा. बाळ लई रडतंय. दोन बाया बघितल्या न्हाऊ घालायला, एकीचा बी हात बसंना. नवीन आज्जीला तर त्यातलं काय येत न्हाय. तुम्ही या. काय पायजे ते देतो. आता बसा गाडीत."

गाडीत. पुढच्या सीटवर का मागच्या, ते न्हाय म्हणल्या.

मी विचारलं, "बारसं कधी?"

"परवा. का?"

"बारशाला मी कुठं उभी ऱ्हाऊ?"

त्यांना कळलं न्हाय. खरंच कळलं न्हाय. म्हणल्या, "म्हणजे? असताच की तुम्ही घरात."

"घरात न्हाय. पाळण्याजवळ. माझ्या पायावर न्हालेलं पोरगं पाळण्यात मी घालणार. सगळ्यांच्या आधी. त्या पाहुणीबाई पदर आवरत असतील तर आवरू देत. चालतंय का बोला."

त्यांनी गोळा झालेल्या बायांकडं बघितलं. मग त्यांचा खरा आवाज आला.

"काय बोलताय तुम्ही? आमच्यात रीत असती. माणसं काय म्हणतील?"

"मग न्हाऊ घालायला बी तुमच्यातलीच बघा."

"लई माज आलाय," त्या म्हणल्या. "डोक्यावर बसवलं, त्येचं फळ."

"डोक्यावर न्हाय, आईसाहेब. सिंकखाली."

प्रज्ञा आतनं बोचकं घेऊन आली. मी सांगितलं नव्हतं. तिनं स्वतःहून आणलं. मी ते आईसाहेबांच्या पुढं खुर्चीवर ठेवलं. इस्त्रीच्या घड्या. "तुमच्या साड्या. मोजून घ्यायची गरज न्हाय, सगळ्या हाईत. उतरलेलं मी आता नेसत न्हाय."

आन् मग मी खाली बसलो, राजवीरच्या तोंडापुढं तोंड. हे मला सगळ्यात जड गेलं. त्येचा काय गुन्हा न्हाय. पण त्येला खोटं मी शिकवलेलं, माझ्या तोंडानं. खरं बी माझ्याच तोंडानं सांगायला पायजे होतं.

"राजे, माझ्याकडं बघा. मी त्या दिवशी चूक सांगितलं. आज्जी म्हणजे कामाची बाई न्हाय. आज्जी म्हणजे आईची आई न्हायतर बापाची आई. ग्रॅनी म्हणजे बी तेच. शाळंत बाईंना विचार. ही तुझी ग्रॅनी हाय ना? ही तुझी आज्जी. हिला आज्जी म्हण."

"हे काय शिकवताय त्येला!" आईसाहेब ओरडल्या. कुणी चिखल उडवल्यागत मागं सरल्या. एवढं लागलं. चार वर्षं मला त्या नावानं हाक मारत होत्या, तवा ते नाव चांगलं होतं.

राजवीर आज्जीकडं बघत होता. म्हणजे त्येच्या आज्जीकडं. मग माझ्याकडं. "मग तू कोण?"

"मी हिची आज्जी." मी प्रज्ञाकडं हात केला. "आन् मी न्हाऊ घालणारी बाई हाय. तुला मी न्हाऊ घातलंय. मोठं काम हाय ते."

"मग मी तुला काय म्हणू?"

त्येच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्या बी आलं असंल. पण जवळ घेतलं न्हाय. जवळ घेतलं असतं तर मी गाडीत बसलो असतो, मला माहीत होतं.

"आता काय म्हणू नकोस," मी म्हटलं. "मोठा हो. मग यावंसं वाटलं तर ये. आन् जे म्हणायचं ते सगळ्यांदेखत म्हण, तुझ्या आज्जीच्या हॉलमध्ये उभा राहून. तवा मी ओ देईन."

आईसाहेबांनी त्येला दंडाला धरून ओढलं. साड्या तशाच राहिल्या खुर्चीवर, मग ड्रायव्हरनं मुकाट्यानं उचलून डिकीत टाकल्या. माझ्याकडं बघितलं न्हाय त्येनं. गाडी उलटी काढायला लई वेळ लागला. काचेतनं पोरगं दिसत होतं. हाक मारली न्हाय त्येनं. मी बी हात हलवला न्हाय.

शेजारची म्हणली, "अगं, ताराबाई पार्कातलं काम घालवलंस. आता हे सगळीकडं सांगत सुटतील." सुटू देत. सांगू देत. सांगितलंच तर बरं, मला परत सांगायला नको.

काम सुटलं न्हाय माझं. पोरं जन्माला यायची काय थांबत न्हाईत. आजबी सकाळी फोन येतो, राजारामपुरीतनं, कधी नागाळा पार्कातनं. "बाई, बाळ झालंय, कधी येता?" मी जातो. पुढच्या दारानं जातो. चहा कुठल्या कपात येतोय ते बघतो. आन् लुगडं मांडीपतूर वर घ्यायच्या आधी, बाळाला हात लावायच्या आधी, घरातल्या जाणत्या बाईला समोर बोलावून घेतो आन् विचारतो, बारशाला मी कुठं उभी ऱ्हाणार?

काही जणी हसतात. काही जणी म्हणतात, बघू की नंतर. एक-दोघींनी दारातनं परत पाठवलं. परत आलो. पण मागच्या दारी ताट आता घेत न्हाय. आईनं घेतलं, मी घेतलं, प्रज्ञा घेणार न्हाय, आन् तिच्या आधी माझ्यापाशीच हे संपणार.

आधी ते सांगा. मग पाणी तापवा.